कापून टाकलेलं चित्रणही जपा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्धगुन्ह्यांवरील माहितीपटांविषयी आपल्या पुरवणीतला लेख वाचला. माहितीपट जनमत हलवतात, हे खरंच. पण न्यायालयात कामी येतो तो पडद्यावरचा पूर्ण माहितीपट असतोच असं नाही. कधी कधी संकलकाने बाजूला टाकलेला तुकडाच कामी येतो. मी बरीच वर्षं संकलनाच्या टेबलावर काढली. 'नको असलेलं' चित्रण किती तास पुसलं, त्याचा हिशेब नाही, म्हणून हे जास्त टोचतं.

ग्वाटेमालाचंच पाहा. पामेला येट्स या अमेरिकी दिग्दर्शिकेने १९८२ मध्ये तिथले लष्करशहा रिओस माँत यांची मुलाखत चित्रित केली. त्या काळात सैन्य माया आदिवासींची गावंच्या गावं जाळत होतं. कसली दडपशाही नि कसलं काय, असा जनरलसाहेबांचा सूर. त्याच भरात ते बोलून गेले, की सैन्यच माझ्या ताब्यात नसेल तर मी इथे करतोय काय! माहितीपटात हा भाग आलाच नाही. वीसेक वर्षांनी वकिलांनी विचारणा केली, तेव्हा जुने डबे उघडले गेले. माँत यांच्यावरच्या २०१३च्या खटल्यात कळीचा प्रश्न होता तो हुकूम कोणाचा चालत होता हाच, आणि तिथे ही मुलाखत दाखवली गेली. माया आदिवासींपैकी इशील समाजातल्या १,७७१ जणांच्या हत्यांप्रकरणी त्यांना ८० वर्षांची शिक्षा झाली. दहा दिवसांत घटना न्यायालयाने ती रद्द केली, आणि २०१८ मध्ये फेरखटला संपण्याआधीच ते वारले. (न्यायाची ही चाल वेगळ्या पत्राचा विषय आहे.)

कच्च्या चित्रणाला एवढं मोल का? आम्ही संकलक दोन वाक्यांमधला विराम कापतो, खाली संगीत घालतो, एका गावचा धूर दुसऱ्या गावच्या रडण्याला जोडतो. प्रेक्षकाला ते भिडतं. बचावाचा वकील मात्र नेमकं तिथेच बोट ठेवतो. नाझी नेत्यांवर न्यूरेंबर्गमध्ये खटला चालला, तिथेही हे ओळखलं होतं. २९ नोव्हेंबर १९४५ रोजी छळछावण्यांचा तासाभराचा पट तिथे दाखवला गेला. चित्रणात फेरफार केलेला नाही, अशी प्रतिज्ञापत्रं त्याच्या सुरुवातीलाच जोडली होती.

आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे, तरी अडचण तीच. २०१७ मध्ये यूट्यूबच्या यांत्रिक छाननीत सीरियातल्या युद्धाचे हजारो व्हिडिओ उडाले. मूळ फाइल ज्याने जपली नसेल, त्याचा पुरावाही गेला.

माहितीपटांना पैसा देणाऱ्या संस्थांनी इथे लक्ष घालावं. मी पाहिलेल्या अंदाजपत्रकांत रंगसंस्काराला (चित्रणाचे रंग नीट जुळवण्याला) रक्कम होती, महोत्सवांच्या प्रवासालाही होती. मूळ चित्रण तारीख-ठिकाणाच्या नोंदींसह वीस-पंचवीस वर्षं सांभाळायचा खर्च एकातही दिसला नाही.

आपला,
एक निवृत्त संकलक