एकविसावा दिवस आणि तुझा प्रश्न

खानापूर, जि. बेळगाव
दि. १८ ऑगस्ट

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र वाचून झाल्यावर आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही. लाईम आजाराने सुजलेला मुलाचा गुडघा, डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या २८ दिवसांच्या गोळ्या, सूज उतरूनही न गेलेला थकवा आणि आता शिरेतून चार-सहा महिने प्रतिजैविके द्यावीत असा एका डॉक्टरांनी दिलेला सल्ला, हे सगळे तू एका दमात लिहिले आहेस आणि शेवटी विचारले आहेस की तुझ्या मुलीला वर्षानुवर्षे पेनिसिलिन चालते, तर माझ्या मुलाला सहा महिने औषध का चालू नये. तू आमच्या मुलीचा दाखला दिलास, म्हणून उत्तर देणे मला भाग आहे.

ती सात वर्षांची असताना तिचा घसा दुखून ताप आला, चार दिवसांत उतरला आणि आम्ही तो विसरूनही गेलो. तीन आठवड्यांनी उजवा गुडघा सुजला. तो बरा होतो न होतो तोच डावा घोटा धरला, मग मनगट. बेळगावला नेऊन इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढला तेव्हा हृदयाची एक झडप गळते आहे असे कळले. हा संधिवाताचा ताप. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंशी लढण्यासाठी शरीराने जी फौज उभी केली, तीच सांध्यांवर आणि हृदयावर उलटली. तेव्हापासून दर २१ दिवसांनी तिला बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन द्यावे लागते, आधी सहा लाख युनिटांचे आणि वजन वाढल्यावर बारा लाखांचे. निदान एकविसाव्या वर्षापर्यंत ते थांबवायचे नाही, आणि झडप सुधारली नाही तर त्याहीपुढे चालू ठेवायचे, असे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले.

ते इंजेक्शन कसे असते हे तुला कधी सविस्तर लिहिले नव्हते. कुपीतल्या पांढऱ्या भुकटीत पाणी घातले की दुधासारखे दाट औषध तयार होते, जरा उशीर झाला तर सुईतच अडकते, म्हणून जाड सुई लागते. मुलीची आई ती कुपी दोन्ही तळहातांत धरून ऊब देत बसते. सिस्टर कन्नड बोलणाऱ्या आहेत. त्या टोचण्याच्या जागी अंगठा दाबून धरतात आणि सुई आत जाण्याआधीच "आतु, आतु" म्हणतात, म्हणजे झाले, झाले. पोरगी आता शाळेत कन्नड शिकली आहे, त्यामुळे झाले नाही हे तिला बरोबर कळते, तरीही ती सिस्टरांसाठी मान डोलावते. मग रिॲक्शन आली तर हाताशी डॉक्टर असावेत म्हणून अर्धा तास तिथेच बाकावर बसायचे. त्या भीतीपोटी जवळच्या एका दवाखान्याने हे इंजेक्शन द्यायला साफ नकार दिला होता. एका पावसाळ्यात रस्ता बंद पडला आणि डोस नऊ दिवस लांबला. त्या नऊ दिवसांत ती नुसती खोकली तरी आमच्या काळजाचा ठोका चुकत असे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. आमच्या मुलीचे पेनिसिलिन तिचा झालेला आजार बरा करण्यासाठी दिलेच जात नाही. घसा पुन्हा त्याच जिवाणूंनी धरला तर शरीर पुन्हा उलटेल आणि झडप आणखी बिघडेल. घशाची ही लागण कोणत्याही वर्गात, कोणत्याही लग्नघरात होऊ शकते, म्हणून दारावर कायमचा पहारा ठेवला आहे. तुझ्या मुलाचा आजार गोचिडीच्या चाव्यातून शरीरात शिरलेल्या बोरेलिया जिवाणूंचा आहे. तिथे गोळ्यांनी घरात शिरलेल्या चोराला हुसकावायचे असते, आणि तो गेल्यावर पहारा द्यायचा तो गोचिडीवर, म्हणजे रानातून आल्यावर खसखशीच्या दाण्याएवढी ती बया काखेत, गुडघ्यामागे, केसांत शोधण्यावर. दोन्हीकडे गुडघाच सुजला म्हणून दोन्हीकडे औषधाचा हिशेब एकच, असे तू मानू नकोस.

ज्यावरून या आजाराला नाव पडले ते लाईम गाव अमेरिकेतल्या तुझ्याच कनेटिकट राज्यातले. १९७५ च्या सुमारास तिथल्या आयांनी आपल्या मुलांचे सांधे एकामागून एक सुजत असल्याचे पाहून सरकारी आरोग्य खात्याच्या मागे धोशा लावला, म्हणून हा आजार उजेडात आला, आणि विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडीत तो जिवाणू पाहिला, ते १९८२ साली जगापुढे आले. त्या आयांनी हट्ट धरला नसता तर तुझ्या मुलाला आज औषधही मिळाले नसते. तेव्हा आईबापांनी प्रश्न विचारू नयेत असे मी कधीच म्हणणार नाही. पण लांबलेल्या उपचारांची परीक्षाही झालेली आहे. २००१ साली अमेरिकेत आणि २०१६ साली नेदरलँड्समध्ये प्रौढ रुग्णांवर रीतसर तुलना करून पाहिले, तेव्हा नेहमीच्या उपचारांनंतर उरलेल्या त्रासावर आणखी अडीच-तीन महिने प्रतिजैविके देऊन रुग्णांना औषधविरहित गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडला नाही. उलट शिरेत महिनोन्‌महिने नळी ठेवली की तिथूनच रक्तात जंतू शिरण्याचा धोका असतो, आणि शिरेतून देतात त्या सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनने पित्ताशयात खडे धरू शकतात. गुडघ्याची सूज खरोखरच उरली असेल तर गोळ्यांचा दुसरा कोर्स किंवा शिरेतून दोन ते चार आठवडे औषध हा मान्य मार्ग आहे. त्यानंतरही ती राहिली तर बहुधा जिवाणू मेलेले असतात आणि शरीराची फौजच माघारी फिरलेली नसते, तेव्हा ती शांत करणारी औषधे मुलांचे संधिवाततज्ज्ञ देतात.

रक्ततपासणी अजून पॉझिटिव्ह येते म्हणून तू घाबरला आहेस. त्या तपासणीत जिवाणू दिसत नाहीत, त्यांच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्ये दिसतात, आणि ती बरे झाल्यावरही कित्येक वर्षे रक्तात राहतात. या कागदावरून औषध वाढवायला कोणी सांगत असेल तर त्यांना एवढेच विचार की हे औषध कशासाठी, ते लागू पडते आहे हे कशावरून ओळखायचे, आणि कोणत्या दिवशी थांबवायचे. आम्हाला या तिन्हींची उत्तरे पहिल्या दिवशी मिळाली होती, आणि त्यांच्याच बळावर आम्ही दर एकविसाव्या दिवशी त्या बाकावर जाऊन बसतो.

औषध चालू असले की आपण लेकरासाठी काहीतरी करतो आहोत असे वाटते आणि थांबवले की हात रिकामे होतात, हे मी जाणतो. डोस चुकलेल्या त्या नऊ दिवसांत मीही घरातल्या उरलेल्या गोळ्या तिला देऊन टाकाव्यात अशा विचाराला आलो होतो. तिच्या आईने माझा हात धरला. तुझ्या मुलाचा थकवा खरा आहे. तो आळस करतो असे त्याला कोणी म्हणू नये, शाळेतले तास काही दिवस कमी करून घे. असा थकवा मुलांमध्ये बहुतेक वेळा हळूहळू ओसरतो, फक्त महिने लागतात.

तुझ्या आईंना नंदगडला जाऊन भेटलो. आपल्या म्हशींच्या अंगावरची गोचीड तीच का, असे त्या विचारत होत्या. मी म्हटले, ती वेगळी. त्यांना गोचिडीतूनच पसरणाऱ्या माकडतापाचीही धास्ती होती. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला तो आजार विषाणूचा असतो आणि त्याचा नातवाच्या दुखण्याशी संबंध नाही, हेही सांगितले. नातवाला शिरेतून औषध देण्याची गोष्ट मात्र मी काढली नाही. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून तू काय ठरवतोस ते कळव, म्हणजे पुढच्या खेपेला त्यांना काय सांगायचे ते मला कळेल.

तुझाच,
बालमित्र