ऐंशी सेंटीमीटरचा पीस

कोल्हापूर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझा मामा परवा परत म्हणाला, "मानववंशशास्त्र म्हणजे हाडं-कवट्याच की. त्याचं पोरगी करणार काय?" मी त्याला इरावती कर्व्यांचं सांगितलं, तू मला सांगितलेलंच. त्यांनीही बर्लिनला कवट्याच मोजल्या. पण वंशावरून माणसांची प्रतवारी लावणाऱ्या त्यांच्या गुरूंच्या म्हणण्याला ती मापं जुळेनात, आणि बाईंनी तसंच लिहून दिलं. पुढं त्याच बाई वारकऱ्यांबरोबर पंढरीची वाट चालल्या. मामा चहा पिऊन गेला. पटलं का नाही, कुणास ठाऊक.

माझ्या डोक्यात मात्र तुझ्या अभ्यासातला तो मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की बसलाय. पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहून, तिथली माणसं होड्यांतून बेटोबेटी काय देतात-घेतात ते लिहीत बसलेला. एका दिशेनं तांबड्या शिंपल्यांचे हार, उलट दिशेनं पांढऱ्या शिंपल्यांची कडी. (तांबडा-पांढरा म्हटल्यावर मला आधी रस्साच आठवला.) कायमचं कुणी ठेवून घ्यायचं नाही, काही काळ मिरवायचं नि पुढं द्यायचं. तू फोनवर म्हणालीस, "आई, हे आपल्या ब्लाउजपीससारखंच की गं."

पंचवीस वर्षं मशीनवर बसते मी. ओटीतला पीस शिवायला आलेला क्वचितच बघितलाय. एक तर तो ८० सेंटीमीटरचा, जरा भरल्या अंगाच्या बाईला पुरत नाही. रंग कुठल्या साडीवर जात नाही आणि पहिल्या धुण्यात निम्मा पाण्यात. तो शिवायचा नसतोच, द्यायचा असतो. तीन वर्षांमागं एका मोरपिशी पिसाचं सूत बघायला मी कोपऱ्याला कात्रीनं बारीक कट मारला होता. मग तो पुढं दिला. गेल्या वर्षी गौरीच्या हळदीकुंकवाला दुसऱ्याच घरातनं माझ्या ओटीत पडला, तो कट जसाच्या तसा. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

एक फरक मात्र मला दिसतो, तुझ्या सरांना विचार. तिथं नावाजलेल्या हाराला स्वतःचं नाव असतं, तो कुणाकुणाच्या हातनं आला ते लोक अभिमानानं सांगतात. आपण दुकानाचं लेबल नखानं खरवडून काढतो.

आजीची आहेराची वही पण काढली. नाव, गाव, रोख, वस्तू असे चार रकाने. ११, २१, मोठ्या मामंजींचे ५१. प्रत्येक लग्नाआधी ती वही निघायची आणि आलेल्यापेक्षा थोडं वाढवून परत जायचं. तुझ्या त्या फ्रेंच अभ्यासकानं, मोसनं, १९२५ साली लिहिलं ना, देणं, घेणं आणि परत करणं, तिन्ही टळत नाहीत म्हणून? आजीला ते मोसशिवाय ठाऊक होतं. आता पत्रिकेवर छापतात, 'आहेर स्वीकारला जाणार नाही'. मला ते सुधारलेलं वाटायचं. पण तशा एका लग्नातनं परत येताना शेजारची म्हणाली, "आमचे शंभर रुपये पण चालंनात व्हय त्यास्नी?" तेव्हा कळलं, तिला काय लागलं ते. घेतलं नाही म्हणजे नातं पण नको म्हटलं. आणि काही ठिकाणी तर थेट क्यूआर कोडच लावलेला असतो. तिथं वहीची गरजच नाही, मोबाइलच लक्षात ठेवतो.

पण तुझा पुढचा प्रश्न अडकला. "हे पीस फिरतात, पण कुणाकुणाच्या घरी ते कधी जातच नाहीत?"

हेरवाडनं मे २०२२ मध्ये ठराव केला, नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. आपल्याच जिल्ह्यातलं, शिरोळ तालुक्यातलं गाव. पेपर वाचून मी चार गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगितलं होतं. आणि हळदीकुंकवाच्या माझ्या यादीत चार घरं सोडून राहणाऱ्या काकू नव्हत्या. काका गेल्यापासून नव्हत्या. मी कधी ठरवून त्यांचं नाव खोडलं नाही गं, ते आपोआपच गळलं. कुणी विचारलं नाही, मीही नाही.

यंदा बोलावलं. बायकांत जरा कुजबुज झाली. एक जण लवकर उठून गेली. काकू आल्या, पण दारातच थबकल्या. मी हाताला धरून आत घेतलं. कुंकू लावताना माझाच हात थरथरला, त्या स्थिर होत्या. ओटीत तोच कटाचा मोरपिशी पीस घातला; घाईत तोच हाताला लागला. त्यांनी पिशवीत टाकला, बोलल्या काहीच नाहीत.

चौथ्या दिवशी दुकान उघडायला आणि काकू यायला एक गाठ. हातात तो पीस आणि मापाचा जुना ब्लाउज. "ह्याचं शिवून दे," म्हणाल्या.

कापड पुरत नाहीये. बाही आखूड करावी लागणार, आणि कट आलेला कोपरा पट्टीत लपवेन. गुरुवारी द्यायचाय.

डब्यात चिवडा पाठवतेय, रूमवरच्या मुलींनाही दे.

तुझी,
आई