मित्रास पत्र : हॅव कुठं आणि हॅड कुठं

प्रिय मित्रा,

तुझा बेंगळूरच्या कंपनीसाठीचा अर्ज मिळाला, रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचला. केलेलं काम सगळं आलंय त्यात, पण प्रत्येक वाक्यात हॅड घातलायस बघ गा. 'आय हॅड कम्प्लिटेड डिप्लोमा इन 2020', 'आय हॅड वर्क्ड इन अ फाउंड्री सिन्स 2021'. तू तर अजून आपल्या बेळगावच्या त्याच उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, धातू ओतायच्या कारखान्यात, रोज मोल्डिंग बघालास, आणि हे वाचणाऱ्याला वाटणार की काम सोडून बसलाय हा. म्हणून फोनवर न सांगता एवढं लिहालोय, कारण हे कागदावर समोर दिसायला पाहिजे.

तिथं 'आय हॅव वर्क्ड हिअर सिन्स 2021' पाहिजे. हॅव म्हटलं की काम मागं सुरू झालं आणि आजपर्यंत येऊन पोचलं, अजून चालूच आहे. 'हॅव बीन वर्किंग' लिहिलंस तरी छान. 'आय वर्क्ड हिअर फॉर फोर इयर्स' म्हणजे संपलं, हिशेब घेऊन बाहेर पडलास. सिन्स कधीपासून ते सांगतंय, फॉर किती काळ ते, त्यामुळं 'सिन्स फोर इयर्स' कधीच नको.

आणि डिप्लोमाला हॅवही नको, हॅडही नको. 2020 असं साल घातलंस ना, मग 'आय कम्प्लिटेड', सरळ भूतकाळ. यस्टर्डे, लास्ट वीक, टू इयर्स अगो, असली ठरलेली वेळ सिन्सशिवाय आली की हॅव चालत नाही. साल काढून टाकलंस तर मात्र 'आय हॅव कम्प्लिटेड माय डिप्लोमा' एकदम बरोबर, कारण मग मुद्दा कधी केलं हा राहत नाही, आज डिप्लोमा हातात आहे हा होतो.

हे हॅड आपल्या तोंडात येतं कुठनं माहितीय? आपण 'काल पुण्याला गेलो होतो' म्हणतो, कन्नडमध्ये 'निन्ने होगिद्दे', दोन्ही भाषेत ते एकटं उभं राहतं आणि बरोबरच आहे, म्हणून इंग्लिशमध्येही आपसूक 'आय हॅड गॉन यस्टर्डे' येतं. पण इंग्लिशच्या हॅडला टेकायला मागची दुसरी एक गोष्ट लागते. तुझ्याच कामातलं घे. माल घेणाऱ्या पार्टीचा माणूस तपासणीला आला त्या वेळचं सांगायचंय. 'व्हेन ही केम, वी पोअर्ड द मेटल' म्हणजे तो आला आणि मग त्याच्यासमोर ओतलं. 'व्हेन ही केम, वी हॅड पोअर्ड द मेटल' म्हणजे तो यायच्या आधीच साचे भरून झाले होते, त्याला ओतताना काहीच दिसलं नाही. क्वालिटीच्या रिपोर्टमध्ये हा फरक केवढा मोठा आहे ते तुला मी काय सांगू. बिफोर किंवा आफ्टर असलं की आधी काय नंतर काय ते त्यातच कळतं, तिथं हॅड नाही घातलं तरी चालतंय.

आपल्या गावाचंच बघ की. गांधीजी 1924 च्या बेळगाव काँग्रेसचे अध्यक्ष होते, तिथं नुसतं 'प्रिसाइडेड'. 1956 ला बेळगाव मैसूर राज्यात गेलं, 'बिकेम पार्ट ऑफ', नुसतं भूतकाळ. 1973 ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं, आणि आता 1973 वर उभं राहून मागं बघायचं असलं तर 'बाय देन, बेळगाव हॅड बीन इन द स्टेट फॉर सेव्हन्टीन इयर्स'. हे खरं हॅड! आणि सरकारी कागदावर नाव बेळगावी झालं ते 2014 पासून आजपर्यंत, म्हणून 'हॅज बीन कॉल्ड बेळगावी सिन्स 2014'.

अजून एक राहिलं. गोव्याच्या प्लांटला ट्रेनिंग घेऊन आलास ते 'आय हॅव गॉन टू गोवा' लिहिलायस, त्याचा अर्थ तू अजून तिथंच आहेस. 'आय हॅव बीन टू गोवा' म्हणजे जाऊन आलोय. कुठल्या महिन्यात गेलास ते घालणार असशील तर 'आय वेंट'.

आता तो पहिला पॅरा तूच नव्यानं लिही, मी लिहून देणार नाही, कारण इंटरव्ह्यूला हीच वाक्यं तुला तोंडानं बोलायचीयत. प्रत्येक हॅडखाली पेन्सिलनं रेघ मार आणि बघ, ते कशाच्या आधीचं आहे. उत्तर नाही आलं की खोडून टाक. रविवारच्या आत पाठव, सोमवारी अर्ज गेला पाहिजे. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच मित्र