एका पायावर उभं करणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

गिटारच्या क्लासात तुम्हीही माझ्यासारख्याच विद्यार्थी, त्यामुळे तुम्ही फिजिओथेरपिस्ट आहात हे बरेच दिवस कुणाला ठाऊकच नव्हतं. पण सी कॉर्डवरून एफच्या बार कॉर्डवर, म्हणजे तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा एकदम दाबायच्या सुरावटीवर, जाताना माझा डावा खांदा कानाकडे चढतो, दात आवळले जातात आणि श्वास अडकतो, हे तुमच्या नजरेतून सुटलं नाही. "गिटार ठेवा खाली आणि एका पायावर उभे राहा," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा थट्टाच वाटली. सगळा क्लास बघत होता हो!

घोटा लटपटायला लागल्यावर तुम्ही सांगितलेलं अजून डोक्यात आहे. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिका डोकं कुठे वळलं ते कळवतात, डोळे आणि तळपाय आपापली खबर देतात आणि लहान मेंदू त्या सगळ्यांचा मेळ घालून घोट्याला सावरतो. बोट तारेवर चुकीच्या जागी पडलं, तर पुढच्या खेपेला ते किती सरकवायचं हे शिकण्यातही लहान मेंदूचाच मोठा हात. म्हणून लटपट दाबून टाकू नका, होऊ द्या, असं तुमचं म्हणणं.

त्याहून जास्त आभार तुमच्या प्रामाणिकपणाचे. १९९५ मध्ये एल्बर्ट नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांचा इलाखा इतरांपेक्षा मोठा आढळला, लहानपणी सुरुवात केलेल्यांत तर अधिकच. हे ऐकून चाळिशी ओलांडलेला मी हिरमुसलो. लगेच तुम्ही २०१० चा प्रयोग सांगितलात: प्रौढ माणसांनी डुगडुगत्या फळीवर आठवड्यातून एकदाच सराव केला आणि दोन सत्रांनंतरच मेंदूच्या करड्या भागात फरक दिसला. २०१७ च्या एका अभ्यासात १२ आठवड्यांच्या तोलाच्या व्यायामाने निरोगी प्रौढांची स्मरणशक्ती सुधारली होती. पण पुढे बजावलंतही, "यात गिटार कुठेच नाही हं. एफ कॉर्ड पायाने लागत नाही, तो बोटांनीच घासावा लागतो." असं मोजूनमापून बोलणारी माणसं विरळाच.

तर आता माझा क्रम असा. भिंतीजवळ, अनवाणी, पाच मिनिटं. आधी नुसतं एका पायावर, मग मान सावकाश डावी-उजवीकडे वळवत, मग घडी घातलेल्या जाड टॉवेलवर. न डगमगता जमायला लागलं की प्रकार बदलायचा, कारण तिथे शिकण्यासारखं फारसं उरत नाही. लगेच गिटार. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ५० ठोक्यांवर, फक्त सी आणि एफ. कंटाळा येण्याआधी थांबायचं आणि रात्री नीट झोपायचं. झोपेचं तुम्ही फार लावून धरलंत, ते बरं झालं. सरावाची घडी मेंदूत झोपेतही बसत असते, हे मला माहीतच नव्हतं.

त्याच सरावात एक गोष्ट हाती लागली. माझी दुसरी तार तर्जनीच्या पेराच्या घडीत सापडून मुकी राहायची. पूर्वी मी नुसता जोर वाढवायचो. यावेळी बोट किंचित अंगठ्याच्या बाजूला कलतं केलं, कोपर जरा आत घेतलं आणि तार बोलली! खांदा तेव्हा खालीच होता. तोलाच्या व्यायामाने मेंदू किती बदलला ते देव जाणे, पण खरखर ऐकली की चिडण्याऐवजी आता मी बोट कुठे आहे ते बघतो.

आणखी एक. मागच्या बाकावरच्या काकांनाही हे करायचं होतं. त्यांना अधूनमधून चक्कर येते हे कळताच तुम्ही साफ नाही म्हणालात, आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवायला लावलंत आणि तोवर खुर्चीत बसून पायाने ताल धरायला दिलात. काका थोडे रुसलेत, पण ताल मात्र माझ्यापेक्षा पक्का धरतात.

टॉवेलवर उभं राहून डोळे मिटायला सुरुवात करू का, तेवढं पुढच्या क्लासला सांगा.

तुमचा,
शेजारच्या खुर्चीवरचा विद्यार्थी