बेदाण्याचे साडेबारा किलो

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही फोनवर बेदाण्याचे जे आकडे दिलेत ते मी कागदावर मांडून बघितले. एक तारखेला 6 खोकी शिल्लक, म्हणजे 90 किलो. महिन्यात तासगावहून आणखी 10 खोकी आली, ती 150 किलो. महिनाअखेरीला 5 बंद खोकी आणि सुटा 4 किलो, मिळून 79. म्हणजे दुकानातून गेला 161 किलो आणि बिलात दिसतोय 148.5. साडेबारा किलोची तूट. तुम्ही म्हणालात, ‘काउंटरवरचा पोरगा हात मारतोय.’ मारतही असेल. पण एवढ्यावरून ते ठरत नाही. फोनवर मध्येच गिऱ्हाईक येतं आणि बोलणं अर्धवट राहतं, म्हणून सगळं लिहूनच काढते.

आधी त्या साडेबारातलं बिनचोरीचं किती ते काढू. खोक्यातून निघून परातीत, पंख्याखाली पडलेला बेदाणा उन्हाळ्यात वाळतो. त्यातलं पाणी शंभरात 15 वरून 13 वर आलं, तर 100 किलोचे 97.7 किलो राहतात. 161 किलोला ही घट फार तर पावणेचार किलो. दुसरी गोष्ट म्हणजे तुमचा हात मोठा. पाव किलोच्या पुडीत काटा 250 वर थांबल्यावर तुम्ही आणखी चिमूटभर टाकता. चिमूट पाच ग्रॅमची धरली आणि 148.5 किलोच्या 594 पुड्या झाल्या, तर तिथेच जवळजवळ तीन किलो गेले. उरले पावणेसहा. त्यात देवळातल्या प्रसादाला दिलेला, आईनं शिऱ्यासाठी नेलेला आणि आलेल्या पाहुण्याच्या हातावर ठेवलेला बेदाणा किती, हे कुठल्याच वहीत नाही.

म्हणून पहिलं काम घरचंच. गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये चिठ्ठ्यांचं पॅड ठेवा. भाजीला शंभर काढले, मंडळाची वर्गणी दिली, घरी दोन किलो शेंगदाणे नेले, की प्रत्येक वेळी तारीख, काय, किती आणि सही. मालकच गल्ल्यातून न लिहिता पैसे उचलत असेल, तर नोकरानं उचललेले कधीच वेगळे दिसत नाहीत. तुम्हाला याचा राग येईल, पण कुठल्याही लहान दुकानात सर्वांत मोठं भोक हेच असतं.

मोजणी सगळ्या मालाची करत बसू नका, दमाल. बेदाणा, काजू आणि वेलदोडा हे तीनच घ्या. खिशात मावतो आणि पैसे देतो तो माल हाच. पोह्याचं पोतं कोणी शर्टाखाली घालून नेत नाही. मोजणी दर शनिवारी दुपारी दुकान बंद असताना, दोघांनी मिळून, एकच काटा वापरून. काट्याला शासकीय शिक्का आहे ना ते बघा, आणि आधी एक किलोचं वजन ठेवून काटा बरोबर दाखवतो का तेही. पोत्यातल्या मालाला बारदान वजा करायला विसरू नका. तागाचं रिकामं पोतं अर्ध्या-पाऊण किलोचं असतं. चाळीस पोती कधी बारदानासकट आणि कधी बारदान काढून मोजली, तर कागदावर वीस-तीस किलो साखर आपोआप येते किंवा जाते. हळदीलाही तेच, शिवाय पावसाळ्यात ती ओल धरते आणि वजन वाढतं. त्या महिन्यात हिशेब बरोबर आला म्हणून चोरी थांबली असं समजू नका.

आता गल्ला. सकाळी सुटे 2000 ठेवून सुरुवात करायची, रोज तेवढेच. त्यात रोखीची बिलं आणि जमा झालेली उधारी मिळवायची, चिठ्ठ्या वजा करायच्या. जो आकडा येतो तेवढी रोकड हातात हवी. हे रात्री करताच, पण आठवड्यातून दोनदा अवचित, दुपारी साडेबाराच्या सुमाराला, काउंटरवरच्या पोरासमोर मोजा आणि दोघांनी सह्या करा. फरक किती यापेक्षा तो कसा येतो ते बघा. कधी 7 रुपये कमी, कधी 23 जास्त, तर ती सुट्या पैशांची गडबड. फरकाला 9 नं भाग जात असेल, तर बहुतेक आकडे उलटे लिहिले गेलेत. 540 च्या जागी 450 झालं की 90 चा फरक पडतो. पण दर वेळी कमीच, आणि तेही 100, 200, 500 असं गोल, तर तिथे कुणाचा तरी हात आहे.

आणि गल्ला जास्त भरला तर खूश होऊ नका. बिल न करता विकलेल्या मालाचे पैसे आधी गल्ल्यातच पडतात, संध्याकाळी गर्दी कमी झाली की उचलले जातात. दुपारी 800 जास्त आणि रात्री हिशेब चोख, असं दोन-तीनदा झालं तर तुमचा संशय खरा धरायला हरकत नाही. त्याच दिवसांची रद्द केलेली बिलं काढून बघा. बिल झालं, गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं आणि पाच मिनिटांनी बिल रद्द, ही सगळ्यांत सोपी वाट आहे. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये रद्द करायला पासवर्ड लावता येतो. तो फक्त आईकडे ठेवा. बाबा, तुम्ही तो कॅलेंडरवर लिहून ठेवाल.

उधारीच्या वहीत वेगळाच खेळ चालतो, ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. एका गिऱ्हाइकानं 2000 जमा केले ते खिशात, मग दुसऱ्याचे आले ते पहिल्याच्या नावावर. तूट कधी दिसत नाही, फक्त प्रत्येकाची जमा आठ-दहा दिवस उशिरा पडते. यावर उपाय एकच, महिन्यातून एकदा पंधरा-वीस खात्यांची बाकी तुम्ही स्वतः फोन करून जुळवायची. ‘हिशेब बंद करतोय, तुमच्याकडे किती निघतात?’ एवढंच विचारायचं, आपला आकडा आधी सांगायचा नाही.

क्यूआर कोडवर दुसरा स्टिकर चिकटवलेला नाही ना, हे रोज सकाळी आपल्याच मोबाइलनं स्कॅन करून बघा. नाव आपल्या दुकानाचं आलं पाहिजे. पैसे ‘गेले’ आणि साउंडबॉक्स बोलला नाही, असं वारंवार होत असेल तर आधी स्टिकरच बघा. मागच्या दारानं उतरणारा मालही खोकी मोजूनच घ्या. बिलावर 20 आणि उतरली 19, यात आपला माणूस आणि टेम्पोवाला दोघं मिळालेले असू शकतात, आणि मग तुम्ही काउंटरवर शोधत बसता. रिकामी पोती, डबे, खोकी विकून येणारे चार पैसे मात्र काउंटरवरच्या पोरालाच घेऊ द्या. आपल्या सांगलीच्या गणपती पेठेत कित्येक ठिकाणी ते नोकराचेच समजतात. फक्त तसं एकदा स्पष्ट सांगून टाका.

कॅमेरा आता दारावर आहे, तिथे फक्त डोकी दिसतात. तो गल्ल्याच्या वर असा लावा की ड्रॉवर, बिलाचा स्क्रीन आणि गिऱ्हाइकाचा हात एका चौकटीत येतील. डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रीकरण साठवणाऱ्या डब्याचं घड्याळ आणि बिलाच्या संगणकाचं घड्याळ जुळवून घ्या. दहा मिनिटांचा फरक असला तर कुठलं बिल कुठल्या चित्रातलं ते लागत नाही. डिस्क भरली की जुनं चित्रीकरण पुसून त्यावर नवं बसतं, त्यामुळे काही दिसलं तर त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर उतरवा, मूळ डीव्हीआरला हात लावू नका. तो डीव्हीआर माळ्यावरच असू द्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी पेठेत कुठवर आलं होतं ते तुम्हाला सांगायला नको.

हे सगळं चार आठवडे करा, आणि तोवर कुणाचंही नाव घेऊ नका, शेजारच्या दुकानदारांपुढेसुद्धा नाही. व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा फोटो टाकलात तर बदनामीची तक्रार उलट आपल्यावर येईल. शटर ओढून त्याला आत बसवणं, खिसे तपासणं, गाडीची चावी किंवा आधार कार्ड काढून घेणं, यातलं काही म्हणजे काही करायचं नाही. अडवून ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. ‘पैसे दे नाहीतर पोलिसात देतो’ हे वाक्यही तोंडातून जाऊ देऊ नका, त्यावरून खंडणीची तक्रार होऊ शकते. परस्पर पगारातूनही कापायचं नाही. आधी त्याला लेखी विचारून त्याचं म्हणणं ऐकावं लागतं.

पुरावा हातात आला तर दिवसाउजेडी, आई आणि आणखी एका भरवशाच्या माणसाला बसवून त्याच्याशी बोला. तीन तारखा, तीन बिलं आणि गल्ल्याचे तीन कागद समोर ठेवा आणि विचारा, ‘हे कसं झालं?’ मग गप्प बसा. बाबा, हे तुम्हाला अवघड जाईल. तो काय सांगतो ते त्याच्याच अक्षरात लिहून घ्या, कबुली असो वा नकार. पैसे परत देतो म्हणाला तर पावती देऊन घ्या. रक्कम लहान असेल तर तिथेच हिशेब मिटवून त्याला जाऊ द्यावं, असं माझं मत. कोर्टाच्या फेऱ्यांत दुकान बुडेल.

मोठी असेल तर शहर पोलीस ठाण्यात. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. मालकाच्या ताब्यातला माल नोकरानं चोरला तर कलम 306, आणि विश्वासानं सोपवलेली रक्कम, म्हणजे वसुलीची उधारी, खाल्ली तर 316(4). दोन्हींत सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्या तारखेआधीची चोरी निघाली तर ती जुन्या दंडविधानात जाते. चित्रीकरण कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकिलाच्या मदतीनं करून घेऊ. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

पहिली मोजणी येत्या शनिवारी. बेदाणा, काजू, वेलदोड्याच्या कागदाचा फोटो आई मला पाठवेल. आणि चिठ्ठ्यांच्या पॅडवरची पहिली चिठ्ठी बाबांची हवी. रोज सकाळी चहा-पोह्याला गल्ल्यातून काढता ना, त्याच पन्नास रुपयांची.

तुमची,
थोरली