‘फॉरमॅट’ करण्यापूर्वी ग्राहकाची लेखी संमती घेतली जावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० या प्रणालीसाठी मिळणारी मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेले, एरवी उत्तम चालणारे अनेक घरगुती संगणक त्या पंक्तीत बसत नाहीत. अशा संगणकांवर जुनी विंडोज तशीच ठेवून शेजारी उबंटू किंवा मिंट यांसारखी लिनक्स प्रणाली बसवण्याचा मार्ग कोल्हापुरातील अनेक घरांनी स्वीकारला आहे आणि तो योग्यच आहे. मात्र असा दोन प्रणालींचा संगणक एखाद्या सकाळी सुरू झाला नाही, तर दुकानात नेल्यावर बहुधा एकच उत्तर ऐकू येते, ते म्हणजे ‘फॉरमॅट मारावे लागेल’, अर्थात डिस्क पूर्ण पुसावी लागेल. या उत्तराविषयी, ते ऐकून माझे जे नुकसान झाले त्या अनुभवाच्या आधारे, मला चार गोष्टी मांडायच्या आहेत.

मी शिवाजी पेठेत राहते आणि घरी अक्षरजुळणीचे काम करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, तालीम मंडळांच्या स्मरणिका असे काम माझ्याकडे येते. त्यासाठीचे जुने मराठी फाँट आणि पानजुळणीचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते. माझी मुलगी अभियांत्रिकीला आहे आणि तिच्या अभ्यासाला लिनक्स लागते. घरात संगणक एकच, म्हणून त्यावर दोन्ही प्रणाली. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुटीत भाचा राहायला आला होता. त्याला एक खेळ बसवायला जागा हवी होती. विंडोजच्या डिस्क व्यवस्थापनात त्याला एक मोठा, सी-डी असे अक्षर नसलेला, निनावी भाग दिसला. तो रिकामा असावा असे समजून त्याने तो काढून टाकला. तो भाग म्हणजे मुलीची उबंटू होती. विंडोजला लिनक्सचे भाग वाचता येत नाहीत, त्यामुळे ते तिथे निनावीच दिसतात. त्या मुलाचा यात काही दोष आहे असे मी मानत नाही, कारण त्याला हे कुणी सांगितलेलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी बटण दाबले तेव्हा काळ्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात इंग्रजीतून ‘ग्रब’ हा शब्द, त्यापुढे बाणासारखी एक खूण आणि तिच्या पुढे लुकलुकणारी छोटी आडवी रेघ, एवढेच दिसत होते. एंटर दाबले की तीच ओळ खाली पुन्हा उमटे. स्मरणिकेची १४० पाने त्या संगणकात होती आणि छपाईला आठ दिवस उरले होते. मी रिक्षात घालून संगणक शहरातील एका दुकानात नेला. तेथील तरुणाने पडदा पाहिला, दोनदा बंद-चालू केले आणि म्हणाला, “ताई, ह्यातलं सगळं गेलंय, आता फॉरमॅटच मारायला लागतंय बघा.” मी घाबरलेली होते, होय म्हटले. संध्याकाळी नवी कोरी विंडोज घालून संगणक परत मिळाला. स्मरणिका गेली, सहा वर्षांच्या पत्रिकांचे नमुने गेले आणि मुलीचे वर्षाचे प्रयोगही गेले.

यातले काहीही जायला नको होते, हे मला पुढे वर्षभराने नीट समजले. बटण दाबल्यावर संगणक आधी मदरबोर्डवरील एका चिपमध्ये साठवलेली यादी वाचतो. कोणत्या क्रमाने कोणती प्रणाली सुरू करायची हे त्या यादीत असते. मग तो डिस्कच्या एका लहानशा भागात जातो, ज्याला ईएफआय विभाजन म्हणतात. विंडोजने बनवलेले हे विभाजन बहुधा १०० एमबी इतकेच असते. विंडोजचा आणि लिनक्सचा असे दोन्ही बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारे छोटे प्रोग्राम, त्यातच वेगवेगळ्या फोल्डरमध्ये बसतात. आपली कागदपत्रे, छायाचित्रे आणि फाइली या सगळ्यापासून दूर, स्वतंत्र विभाजनात असतात. मध्यवर्ती बसस्थानकावरचा फलाटांचा फलक पुसला गेला, तर गारगोटीची गाडी कुठे लागली आहे हे कळत नाही, पण गाडी आपल्या जागी उभीच असते. माझ्या संगणकात त्या दिवशी नेमके हेच झाले होते. ग्रब हा लिनक्सचा बूटलोडर आपली यादी उबंटूच्या विभाजनात शोधत होता, ते विभाजन सापडत नव्हते म्हणून तो आज्ञेची वाट पाहत थांबला होता. विंडोजला धक्काही लागलेला नव्हता. सुरू होताना एफ१२ (काही कंपन्यांच्या संगणकांत एफ९ किंवा एस्केप) ही कळ दाबून आलेल्या यादीतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडला असता, तर स्मरणिका मिनिटभरात समोर आली असती.

उबंटूसुद्धा परत मिळण्यासारखी होती. विभाजन काढून टाकले म्हणजे त्यातील मजकूर पुसला जात नाही, केवळ विभाजनांच्या तक्त्यातील त्याची नोंद जाते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले गेलेले नसेल, तर टेस्टडिस्क हे मोफत साधन डिस्क चाळून ती नोंद पुन्हा उभी करू शकते. नवी विंडोज घातल्यानंतर मात्र ती शक्यता फार थोडी उरते.

संगणक न उघडण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतील बहुतेकांत डिस्क शाबूत असते. सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे विंडोजचे एखादे मोठे अद्यतन आल्यावर सुरू होण्याचा क्रम बदलतो आणि लिनक्सची निवडसूची दिसेनाशी होऊन थेट विंडोज उघडते. अशा वेळी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या मांडणीत, जाऊन क्रम पूर्ववत केला की काम संपते. आमच्याकडे यंदा हेच झाले आणि मुलीने चहा उकळेपर्यंत ते दुरुस्त केले. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा अद्यतनानंतर मात्र जगभरातील अनेक दुहेरी प्रणालींच्या संगणकांवर लिनक्स सुरूच होईना. ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’ असा संदेश येऊन संगणक बंद पडे. सुरू होताना बूटलोडर विश्वासार्ह आहे का हे तपासणाऱ्या सिक्युअर बूट या व्यवस्थेने जुना लिनक्स बूटलोडर अविश्वसनीय ठरवल्यामुळे हे होत होते आणि मायक्रोसॉफ्टने त्यावर कायमचा उपाय मे २०२५ च्या अद्यतनात दिला. तो संदेश वाचून कुणाच्याही छातीत धस्स होईल, पण त्या काळातही विंडोज सुरू होत होती आणि दोन्हीकडच्या फाइली सुरक्षित होत्या.

आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. लिनक्सचे अद्यतन चालू असताना वीज गेली की नवा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, अर्धवट राहतो आणि पुढच्या वेळी ‘कर्नल पॅनिक’ अशी अक्षरे उमटून सारे थांबते. उबंटू जुना कर्नल लगेच काढून टाकत नाही. ग्रबच्या सूचीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ या ओळीखाली तो ठेवलेला असतो, तो निवडून आत जाता येते आणि राहिलेले अद्यतन पूर्ण करता येते. जुन्या डेस्कटॉपमध्ये आणखी एक गोष्ट घडते आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. मदरबोर्डवर सीआर२०३२ क्रमांकाची, रुपयाच्या नाण्यासारखी एक बॅटरी असते. ती संपली की संगणक तारीख विसरतो आणि त्याबरोबर बायोसमधील मांडणीही विसरतो. डिस्कशी बोलण्याची पद्धत त्यामुळे बदलली, तर विंडोज निळ्या पडद्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे सांगून थांबते. किरकोळ किमतीची बॅटरी बदलून ती एक मांडणी पूर्ववत केली की संगणक पुन्हा चालतो, आणि अशाही संगणकाला ‘हार्डडिस्क गेली’ असे सांगितल्याचे मी माझ्या शेजारी पाहिले आहे.

एक गोष्ट मात्र जपून करण्याची आहे आणि तिच्यावर मी मुद्दाम भर देते. विंडोज ११ असलेल्या अनेक नव्या संगणकांवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. कुणी इंटरनेटवर वाचून सिक्युअर बूट बंद केले, तर पुढच्या वेळी विंडोज हे कुलूप उघडणारी ४८ अंकी बिटलॉकर किल्ली मागते. ती किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. पण संगणक घेताना ते खाते दुकानदाराने स्वतःच्या ई-मेलवरून काढून दिलेले असेल, तर ती किल्ली आपल्या हाती नसते आणि तिच्याशिवाय त्या फाइली कुणालाही, अगदी निष्णात माणसालाही, काढता येत नाहीत. त्यामुळे संगणक नीट चालू असतानाच खाते कुणाच्या नावावर आहे ते पाहावे आणि ती किल्ली कागदावर उतरवून घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवावी. तसेच दोन प्रणाली असलेल्या घरांनी विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करून टाकावे. ते चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, तिचे विभाजन अर्धवट उघड्या अवस्थेत राहते आणि लिनक्समधून त्यात काही लिहिता येत नाही. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसणे हा मात्र बिघाड नव्हे. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज तीच भारतीय वेळ समजते, एवढाच तो फरक आहे.

संगणक अडला तर प्रथम पडद्यावरील संदेशाचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, कारण दुरुस्तीचे निम्मे उत्तर त्या दोन ओळींत असते. जोडलेले पेनड्राइव्ह काढून पुन्हा सुरू करून पाहावे, मग एफ१२ ची यादी पाहावी. तेवढ्याने भागले नाही तर दुसऱ्या संगणकावरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबंटू उतरवून घ्यावी, त्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा आणि काहीही न बसवता ‘ट्राय उबंटू’ निवडावे. डिस्क कुलूपबंद नसेल तर विंडोजच्या सर्व फाइली तिथे दिसतात. त्या आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि मगच बूटलोडरच्या दुरुस्तीला हात घालावा. लिनक्सच्या बाजूने बूट-रिपेअर आणि विंडोजच्या बाजूने बीसीडीबूट ही साधने त्यासाठी आहेत. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा ती यादीत दिसतच नसेल, तर मात्र यांपैकी काहीही करू नये आणि संगणक लगेच बंद करून जाणकाराकडे न्यावा.

शहरातील संगणक दुरुस्ती करणाऱ्या व्यावसायिकांना माझी कळकळीची विनंती आहे. त्यांच्यात मनापासून काम करणारे अनेक जण आहेत, हे मी नंतरच्या काळात अनुभवले आहे. बूटलोडरच्या दुरुस्तीला वेळ लागतो आणि फॉरमॅटला डोके लागत नाही, ही अडचण मला कळते. त्या वेळेचे पैसे त्यांनी जरूर घ्यावेत, ग्राहक ते आनंदाने देईल. परंतु डिस्क पुसण्यापूर्वी ‘यातील सर्व माहिती कायमची जाईल, तिची प्रत काढली आहे किंवा काढलेली नाही’ हे वाक्य पावतीवर छापून त्याखाली ग्राहकाची सही घ्यावी. ते वाक्य त्या संध्याकाळी माझ्यापुढे आले असते, तर मी होय म्हटले नसते, निदान मुलीला फोन केला असता.

शिवाजी विद्यापीठाने तसेच शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतने यांनी याकामी पुढाकार घ्यावा, अशीही विनंती आहे. महिन्यातून एका रविवारी विद्यार्थ्यांनी दोन तास बसून लोकांचे अडलेले संगणक पाहिले, तर विद्यार्थ्यांनाही प्रत्यक्ष काम शिकायला मिळेल. आपल्या दैनिकात हे टप्पे मराठीत, इंग्रजी संदेशांच्या अर्थासह, एका चौकटीत छापता आले तर घरोघरी ते कात्रण संगणकाशेजारी चिकटवले जाईल. माझ्या मुलीने आणि मी असे एक पानाचे टिपण तयार केले आहे. आपण सांगाल त्या दिवशी ते आपल्या कार्यालयात आणून देण्यास मी तयार आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक
शिवाजी पेठ, कोल्हापूर