गॅस टर्बाइन जोडा, पण आधी उरणला गॅस द्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

जुने कोळशाचे संच भंगारात घालण्यापेक्षा त्यांना गॅस टर्बाइन (नैसर्गिक वायू जाळून वीज करणारं यंत्र) जोडा, एफिशियन्सी वाढेल असं हल्ली बरेच जण सुचवतात. खोटं नाहीये ते. माझी सगळी नोकरी बॉयलरवर गेली, जुन्या संचात शंभर रुपयांचा कोळसा जाळला की त्यातल्या पस्तीसएक रुपयांच्याच उष्णतेची वीज होते, उरलेल्यातला मोठा हिस्सा कंडेन्सरमधून (टर्बाइन फिरवून आलेल्या वाफेचं जिथे परत पाणी होतं तिथून) कूलिंग टॉवरवर जातो आणि वरची ती पांढरी वाफ लोकांना धूर वाटते.

गॅस टर्बाइनमधून बाहेर पडणारा जळालेला गॅसच पाचशे डिग्रीच्या वर असतो, त्यावर बॉयलर बसवला की वाफ फुकट. आपल्या उरणच्या गॅसवरच्या वीज केंद्रातच बघा ना, १०८ मेगावॅटच्या चार गॅस टर्बाइन म्हणजे ४३२, आणि त्यांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर १२० चे दोन वाफेचे संच, झाले ६७२. वरच्या २४० ला जादा गॅस लागत नाही!

पण याच हिशोबाने उलटं जा. २१० मेगावॅटचा जुना संच नुसत्या अशा उष्णतेवर पूर्ण चालवायचा तर शेजारी पावणेचारशे मेगावॅटच्या गॅस टर्बाइन उभ्या कराव्या लागतील, म्हणजे "जोडणं" कसलं, नवीन प्लांटच झाला की तो. त्यापेक्षा छोटी गॅस टर्बाइन लावून तिच्या उष्णतेने फक्त बॉयलरचं फीडवॉटर (बॉयलरमध्ये जाणारं पाणी) तापवायचं, म्हणजे एरवी ते तापवणाऱ्या हीटरसाठी मधूनच काढून घ्यावी लागणारी वाफ शेवटपर्यंत वाफेची टर्बाइन फिरवते. कोपनहेगनजवळच्या आवेडोर प्लांटमध्ये असंच केलंय, मला तरी हे जास्त पटतं.

आता गॅस कुठून आणणार? उरणलाच पुरेसा मिळत नाही. अंजनवेलचा दाभोळ प्रकल्प १९६७ मेगावॅटचा, केजी बेसिनचा (आंध्रच्या किनाऱ्याजवळच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्याचा) गॅस आटला आणि तो जवळजवळ ठप्प झाला, हे सगळ्यांनी बघितलंय. म्हणून जो काही गॅस येईल तो आधी उरणला द्या, तिथे वाफेचे संच तयार आहेत. तोवर जुन्या कोळशाच्या संचांच्या कंडेन्सरच्या नळ्या वेळेवर साफ करायला पैसे आणि शटडाऊन (संच बंद ठेवायला वेळ) द्या, कंडेन्सरमधला व्हॅक्यूम सुधारला की कोळसा त्याच दिवसापासून वाचायला लागतो.

- एक निवृत्त बॉयलरवाला